मुरवलेल्या स्टोनवेअर भांड्यांची निगा

स्टोनवेअर म्हणजे साधारण १,२०० ते १,३०० अंश से. तापमानाला भाजलेली जड, घट्ट मातीची भांडी. ब्रेड, बिस्किटे, पिझ्झा भाजण्यासाठी त्यांचे सपाट ट्रे आणि खोलगट साचे वापरतात. यांतल्या अनेक भांड्यांना भाजण्याच्या बाजूने झिलई, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर, नसते. अशा पृष्ठभागावर वापरागणिक तेल-तूप मुरते आणि भांडे फिकट मातकट रंगावरून तपकिरी, पुढे जवळजवळ काळे होते. हाच राप. तो चढला की पदार्थ चिकटत नाही. नवखा माणूस मात्र नेमका तोच घासून काढायला बसतो.

राप म्हणजे मळ नव्हे. तापलेल्या तेलातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि टणक, कोरडा पापुद्रा तयार होतो. मात्र तेल जाड थापले, तर ते अर्धवटच सुकते आणि चिकटा उरतो. ओळखण्याची खूण सोपी : भांडे गार असताना बोट फिरवावे; राप गुळगुळीत व कोरडा लागतो, चिकटा बोटाला ओढतो आणि काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. घालवायचा असतो तो चिकटा आणि करपलेले अन्न, राप नव्हे.

धुण्यापूर्वी भांडे पूर्ण गार होऊ द्यावे. माती उष्णता सावकाश पसरवते. गरम भांड्यावर थंड पाणी पडले की वरचा भाग आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो आणि तडा जातो. गार भांड्यावर गरम पाणी ओतून लाकडी उलथन्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने अन्न खरवडावे. तारेची घासणी नको. करपलेल्या जागी खाण्याच्या सोड्याची दाटसर पेस्ट लावून थोड्या वेळाने चोळावी. सोडा अल्कधर्मी असल्याने तेलकटपणा सुटतो. पण रात्रभर लावून ठेवला तर रापही पातळ होतो. साबणाने पक्का राप सहसा विरघळत नाही. अडचण वेगळीच आहे : सुगंधी साबण सूक्ष्म छिद्रांत बसतो आणि पुढच्या ब्रेडला त्याची चव येते. म्हणून झिलई नसलेल्या बाजूला साबण टाळणेच बरे. झिलईदार भांड्याला ही भीती नाही. डिशवॉशरच्या तीव्र क्षारांनी राप निघतो आणि ओव्हनच्या स्वयंस्वच्छता चक्रात (ओव्हन स्वतःच कडक तापून आतला मळ जाळतो तेव्हा) तो जळून जातो.

पुसलेले भांडे वरून कोरडे दिसते, आत ओल असते. त्यामुळे ते उभे टेकवून, दोन्ही बाजूंना वारा लागेल असे वाळवावे. ओले भांडे एकदम कडक तापवले तर आतल्या वाफेने ते फुटू शकते.

राप उडालेल्या जागी तेलाचे बोट फिरवून फडक्याने जवळजवळ सगळे पुसून घ्यावे आणि भांडे गार ओव्हनमध्ये ठेवून, हळूहळू २०० अंशांपर्यंत नेऊन तासभर तापवावे. एका जाड थरापेक्षा असे तीन-चार पातळ थर केव्हाही चांगले.

अधूनमधून भांडे हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवावे. धड भांडे खणखणते. बद्द आवाज आला, तर डोळ्यांना न दिसणारा तडा आत असण्याची शक्यता असते. असे भांडे पुन्हा ओव्हनमध्ये घालू नये.