प्रॉडिजी, द

प्रॉडिजी, द : (स्था. १९९०). इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या ब्रेंट्री गावचा इलेक्ट्रॉनिक बँड. रेव्हच्या (रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांच्या) ठेक्याला पंक आणि मेटल या रॉकप्रकारांतील गिटारची जोड देणाऱ्या बँडांत याचे स्थान अग्रभागी आहे. रचनाकार लियम हाउलेट (१९७१– ), नर्तक व पुढे गायक कीथ फ्लिंट (१९६९–२०१९), एमसी (ठेक्यावर शब्दफेक करून गर्दीला चेतवणारा) मॅक्सिम आणि नर्तक लीरॉय थॉर्नहिल (२००० पर्यंत) ही यातील प्रमुख मंडळी.

नावाची कथा अशी. ‘द बार्न’ या ब्रेंट्रीच्या क्लबात फ्लिंटने हाउलेटकडे कॅसेट मागितली. हाउलेटने तिच्या एका बाजूला इतरांची गाणी, तर दुसऱ्या बाजूला स्वतःच्या रचना भरून दिल्या आणि वर ‘प्रॉडिजी’ लिहिले. हे नाव मूग कंपनीच्या त्याच नावाच्या सिंथेसायझरवरून आले, असे सामान्यतः मानतात. ‘असामान्य प्रतिभेचे मूल’ या कोशगत अर्थाशी ते जोडण्याचा मोह होतो; पण वाद्याचा आधार अधिक भक्कम दिसतो.

बँडचे पंक-मेटलकडचे वळण ‘फायरस्टार्टर’ या गाण्यापासून (१९९६) धरण्याचा प्रघात आहे. ते निदान दोन वर्षे मागे न्यावे लागेल. म्यूझिक फॉर द जिल्टेड जनरेशन (१९९४) या अल्बममधील ‘देअर लॉ’ हे गाणे पॉप विल ईट इटसेल्फ या रॉक बँडच्या साथीने केलेले आहे, तर ‘वूडू पीपल’मधील गिटारची धून निर्वाणा या रॉक बँडच्या ‘व्हेरी एप’वर बेतलेली आहे. हा अल्बम निघाला तेव्हा ‘पुनरावृत्त ठेक्यां’च्या खुल्या मेळाव्यांवर, म्हणजे रेव्हवर, निर्बंध आणणारे विधेयक ब्रिटिश संसदेपुढे होते. अल्बमच्या आतील चित्रात दरीच्या एका काठावर पोलीस, दुसऱ्या काठावर नाचणारी गर्दी आणि मधल्या झुलत्या पुलाचा दोर कापणारा तरुण आहे. बँडची भूमिका या चित्राइतकी स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

सुरुवातीच्या ध्वनीचा कणा म्हणजे रोलँड डब्ल्यू-३० हे सॅम्पलर-कीबोर्ड, म्हणजे मुद्रित ध्वनींचे नमुने साठवून ते कळांवर वाजवणारे यंत्र. १२ बिटांच्या या यंत्रात स्मृती तुटपुंजी, साठवण फ्लॉपीवर. त्यामुळे नमुने लहान तुकड्यांत कापावे लागत. तुकडा वरच्या पट्टीवर वाजवला की त्याची गतीही वाढे, आणि ड्रमचा साधा ठेका कर्कश, घाईचा होई. ‘फायरस्टार्टर’मध्येही गिटारचा मुख्य तुकडा द ब्रीडर्स या बँडच्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेला आहे, आणि ‘हे!’ ही आरोळी आर्ट ऑफ नॉइझ या बँडची. म्हणजे त्यांच्या सर्वांत पंक वाटणाऱ्या गाण्याचीही बांधणी सॅम्पलरचीच आहे. मंचावर मात्र गिझ बटसारखा पंक गिटारवादक उभा राहिला आणि मैफलीचा आवाज खऱ्या अर्थाने जड झाला. हा बँड मैफलीतच पुरता कळतो.

द फॅट ऑफ द लँड (१९९७) ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातील ‘नारायण’मध्ये ‘ॐ नमः नारायण’ हा जप असून कूला शेकर या रॉक बँडच्या क्रिस्पियन मिल्सचे गायन आहे. ऑलवेज आउटनंबर्ड, नेव्हर आउटगन्ड (२००४), इन्व्हेडर्स मस्ट डाय (२००९), द डे इज माय एनिमी (२०१५) आणि नो टूरिस्ट्स (२०१८) हे पुढील अल्बम. फ्लिंटचे ४ मार्च २०१९ रोजी निधन झाले. २०२२ पासून हाउलेट व मॅक्सिम पुन्हा दौऱ्यांवर निघाले आहेत.