विगची टोकं पिंजारतात, त्यात मुंबईच्या हवेचा दोष नाही

सिंथेटिक विग काही आठवडे रोज वापरला, की एकदा तो उलटा धरून नीट पाहावा. कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या बटा बहुधा दुकानातून आणल्या तशाच गुळगुळीत असतात. मानेशी, जिथे केस कॉलरवर किंवा ओढणीवर टेकतात, तिथे मात्र टोकं पिंजारून त्यांचा पुंजका झालेला असतो. विग एकच, हवा एकच, शाम्पूही एकच. तरी बिघाड मानेपाशीच, कारण घासतं ते तिथेच.

मुंबईकरांना हे पटायला जड जातं, कारण आपल्या स्वतःच्या केसांचा अनुभव वेगळा आहे. पावसाळा सुरू झाला की सकाळी नीट बसवलेले केस स्टेशनवर पोहोचेपर्यंत फुगतात. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. हवेतली वाफ आत शिरली की हे बंध सुटतात, नव्या जागी जुळतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो.

विगचा धागा या बाबतीत अगदी निराळा. तो बहुतेकदा मॉडॅक्रिलिकचा असतो, म्हणजे अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि व्हिनाइल क्लोराइड यांच्यापासून बनवलेल्या पॉलिमरचा. जपानच्या कानेका कंपनीचा ‘कानेकालॉन’ हा असाच धागा, १९५७पासून बाजारात असलेला. काही विग पॉलिएस्टरचे असतात, तर काही स्वस्तातले पीव्हीसीचे. पॉलिएस्टर दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी घेत नाही, मॉडॅक्रिलिकही फार थोडं घेतं. त्यामुळे ऑगस्टमधली दमट हवा विगचं फारसं काही बिघडवू शकत नाही. खोबरेल तेलाचाही उपयोग नाही. ते धाग्यात मुरत नाही, वर बसून राहतं आणि त्याला रस्त्यावरची धूळ चिकटते.

हे इतकं सविस्तर सांगण्याला कारण आहे. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा इतरत्र केमोथेरपी घेणाऱ्या अनेक बायका त्या आजारपणातच पहिल्यांदा विग हातात घेतात. औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, अंगात त्राण नसतं, आणि तेल लावा, वाफ द्या, रोज धुवा असे सल्ले चहूबाजूंनी येतात. त्यातले बरेचसे खऱ्या केसांचे असतात. विगला कशाने इजा होते हे कळलं, तर त्यातली निम्मी मेहनत तरी वाचते.

घर्षणाने धागा नेमका वाकडा कसा होतो? कारखान्यात पॉलिमर बारीक छिद्रांतून काढून ताणतात. ताणल्यामुळे त्याच्या लांब साखळ्या धाग्याच्या दिशेने ओळीत बसतात. मग उष्णतेने सरळ किंवा कुरळं वळण देऊन धागा थंड करतात आणि ते वळण कायम होतं. आता भेटवस्तूला बांधायची चकचकीत रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढली की ती कशी गुंडाळते, ते आठवा. पात्याकडची बाजू आणि बाहेरची बाजू सारखी ताणली जात नाही आणि हा फरक रिबिनीत राहून जातो. विगच्या टोकाचंही तेच होतं. खात्री करायची असेल तर मानेकडची एक बट घेऊन तिचा एकच धागा दोन नखांत दाबून ओढा. तो लगेच वळतो आणि सोडला तरी सरळ होत नाही. लोकलमध्ये पाठीमागून रेटणारी गर्दी, खांद्यावरच्या सॅकचा पट्टा, रिक्षातला वारा ही सगळी त्या नखांचीच कामं करतात, दिवसभर. खऱ्या केसाला टाळूतलं तेल थोडंफार वंगण पुरवतं आणि खराब टोक कापलं तरी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर नवा केस येतो. विगकडे यातलं काहीच नाही.

दुसरा शत्रू उष्णता. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास हे धागे मऊ पडू लागतात. ओळीत बसलेल्या साखळ्या मोकळ्या होतात, आकसतात आणि धागा आखडून कुरकुरीत होतो. कुकरची वाफ, ओव्हनचं उघडलेलं दार, फोडणी देताना कढईवर वाकणं, एवढंही पुरतं. मॉडॅक्रिलिकमध्ये क्लोरीन असल्यामुळे ते सहज पेट घेत नाही, पण पेटत नाही म्हणजे उष्णता सोसतं असं समजू नये. स्वयंपाक करताना विग काढून ठेवावा, नाहीतर केस वर बांधून त्यावर सुती रुमाल तरी बांधावा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर तो कधीच ठेवू नये.

धुण्याबद्दल थोडक्यात. आठ-दहा वेळा घातल्यावर धुवावा असं सांगतात, मुंबईच्या घामात जरा आधीच. कोरडा असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरत गुंता काढायचा, मग गार पाण्यात थोडा सौम्य शाम्पू घालून विग त्यात बुडवून ठेवायचा. चोळायचा नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर अंगाचा साबण अजिबात नको, त्याचा चुन्यासारखा थर धाग्यावर बसतो. शेवटच्या पाण्यात कपड्यांचं सॉफ्टनर थोडं घालून विग पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावा. त्यातले धनभारित रेणू धाग्याच्या ऋणभारित पृष्ठभागाला धरून बसतात, त्यामुळे धागे एकमेकांवर घासताना अडत नाहीत आणि एसी ऑफिसातल्या कोरड्या हवेत स्थिर विद्युतही कमी साठते. माझ्या मते सगळ्या देखभालीत सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच. टॉवेलने टिपून, स्टँडवर सावलीत वाळू द्यावा आणि ओला असताना विंचरू नये.

एवढं करूनही रोजचा विग चार-सहा महिन्यांत थकतो. टोकं पिंजारलीच, तर ज्या गुणामुळे ती बिघडली तोच कामी येतो. धागा पुन्हा मऊ करून, ताणून धरून, थंड होऊ दिला की नवं वळण धरतो. इस्त्रीची वाफ काही इंचांवरून फक्त टोकांवर सोडायची, विग डोक्यावर नसतानाच, आणि हात सांभाळून. बट पूर्ण गार होईपर्यंत ताण सोडायचा नाही, कारण वळण पक्कं होतं ते थंड होताना. आधी मानेखालच्या न दिसणाऱ्या बटेवर करून पाहावं. विगच्या लेबलवर परवानगी नसेल तर स्ट्रेटनर मात्र लावू नये. आखडून कडक झालेलं टोक वाफेनेही सरळ होत नाही, ते अर्धा इंच कापून टाकलेलं बरं.