'अनागोंदी' या एका शब्दापायी

२२ एप्रिल १९८९. बीजिंगच्या तिआनमेन चौकालगतच्या 'ग्रेट हॉल ऑफ द पीपल' या संसद भवनाच्या पायऱ्यांवर तीन विद्यार्थी गुडघे टेकून बसले. मागण्यांच्या कागदाची गुंडाळी डोक्यावर धरलेली. दरबारात अर्ज करायची ही जुनी रीत. पंतप्रधान ली पेंग यांनी बाहेर येऊन तो कागद घ्यावा, एवढीच विनवणी. बराच वेळ गेला, पण एकही नेता बाहेर आला नाही. चौकात उभी असलेली पोरं रडत होती.

त्या दिवशी आत दिवंगत नेते हू याओबांग यांना सरकारी अखेरचा निरोप दिला गेला. १९८६च्या अखेरीस झालेल्या विद्यार्थी निदर्शनांबाबत मवाळ राहिल्याचा ठपका ठेवून जानेवारी १९८७मध्ये त्यांना कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसपदावरून उतरवलं होतं. १५ एप्रिलला ते गेले आणि त्यांच्या शोकसभांतूनच लोकशाहीची मागणी पुन्हा वर आली.

त्या अखेरच्या निरोपानंतर चार दिवसांनी, २६ एप्रिलला, पक्षाचं मुखपत्र 'पीपल्स डेली'च्या पहिल्या पानावर अग्रलेख आला: अनागोंदीविरुद्ध ठाम भूमिका घेतलीच पाहिजे. मूठभर लोक हेतुपुरस्सर चिथावणी देत आहेत, त्यांना पक्षाचं नेतृत्व आणि समाजवादच नको आहे, असा त्याचा रोख. चिनीतला मूळ शब्द 'डोंगलुआन'. माओंच्या काळातल्या (१९६६-७६) सांस्कृतिक क्रांतीला 'दहा वर्षांची अनागोंदी' म्हणतात, तोच हा शब्द. त्या काळात, १९८९मध्ये चीनचे सर्वोच्च नेते असलेल्या देंग श्याओपिंग यांना पदावरून हाकललं गेलं होतं, त्यांचा मुलगा कायमचा अपंग झाला होता. त्यांची भीती खोटी नव्हती. पण ती ज्यांच्या माथी मारली, ती विशीतली पोरं होती आणि कागद घेऊन गुडघ्यांवर बसली होती.

शब्दाला व्यवहारातही वजन होतं. आंदोलन 'देशभक्तीचं' ठरलं तर चर्चा होऊ शकत होती. 'अनागोंदी' ठरलं तर उद्या त्यात सामील झालेल्या प्रत्येकावर कारवाई करता येणार होती. म्हणून २७ एप्रिलला, काहींनी तर आदल्या रात्री मृत्युपत्रं लिहून ठेवून, विद्यार्थी पोलिसांचं कडं मोडत रस्त्यावर उतरले. त्यांच्या फलकांवर राज्यघटनेचा आणि खुद्द कम्युनिस्ट पक्षाचाही जयघोष होता. तेव्हापासून अग्रलेख मागे घ्या, ही मागणी अग्रभागी आली.

असे शिक्के पुसले जातात, हे त्यांना ठाऊक होतं. एप्रिल १९७६मध्ये दिवंगत पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या स्मरणार्थ याच चौकात जमलेल्या गर्दीला 'प्रतिक्रांतिकारक' ठरवलं होतं. १९७८च्या अखेरीस तीच घटना 'क्रांतिकारक' झाली. आणि ४ मे १९१९चं विद्यार्थी आंदोलन, ज्याच्या काळात 'लोकशाही महाशय' आणि 'विज्ञान महाशय' हे शब्द चीनभर गाजले, त्याचा वाढदिवस तर सरकार स्वतःच युवक दिन म्हणून पाळतं.

पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस झाओ झियांग यांनी सूर मवाळ करायचा प्रयत्न केला, पण शब्द काही मागे गेला नाही. १३ मेला उपोषण सुरू झालं. १९ मेच्या पहाटे झाओ हातात कर्णा घेऊन चौकात आले, म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, आम्ही यायला फार उशीर केला." त्यानंतर ते लोकांपुढे कधीच दिसले नाहीत; २००५मध्ये नजरकैदेतच वारले. २० मेला लष्करी कायदा लागू झाला. ३ जूनच्या रात्री सैन्य गोळ्या झाडत शहरात शिरलं. शेकडो तरी माणसं मारली गेली. मग 'अनागोंदी'च्या जागी आणखी कडक शब्द आला: 'प्रतिक्रांतिकारक बंड'. पुढे सगळं थंडावल्यावर 'राजकीय वादळ' असा सौम्य शब्द रूढ केला गेला. चीनमधले लोक ४ जून लिहिता येत नाही म्हणून इंटरनेटवर '३५ मे' लिहू लागले.

हाँगकाँगमध्ये १९९०पासून दरवर्षी ४ जूनच्या स्मरणार्थ व्हिक्टोरिया पार्कात मेणबत्त्या लागत. २०१९मध्ये तिथल्या तरुणांनी संशयितांना चीनच्या मुख्य भूमीकडे सोपवू देणाऱ्या प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध मोर्चे काढले. १२ जूनच्या निदर्शनांना मुख्याधिकारी कॅरी लॅम यांनी 'दंगल' म्हटलं. तिथल्या कायद्यात दंगलीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आंदोलकांच्या पाच मागण्यांपैकी एक होती, हा शब्द मागे घ्या. सप्टेंबरात लॅम यांनी विधेयक मागे घेत असल्याचं जाहीर केलं. उरलेल्या चार मागण्या फेटाळल्या, त्यात ही एक.