भिंत उंच केली, पण आतल्या पाण्याचं काय?

वाशीच्या मिनी सी-शोअरवर किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत फेऱ्या मारताना शेजारचा तलाव शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पूरनियंत्रणासाठी आहे. सिडकोने खाडीकाठी शहर वसवताना सगळीकडे उधाणाच्या वर जाईल एवढा भराव घातला नाही. ते फार खर्चिक झालं असतं. त्याऐवजी डच पद्धतीवर बेतलेले बांध आणि धारण तलाव, म्हणजेच होल्डिंग पाँड, आखले.

तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. झडप वरच्या बाजूने बिजागरीवर लटकते. भरती चढली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. कोकणात खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाची, म्हणजे खारबंदिस्तीची, उघाडी (पाणी सोडायची झडप) याच तत्त्वावर चालते. मात्र फटीत एखादी फांदी किंवा प्लास्टिकची बाटली अडकली, की भरतीचं पाणी आत शिरतं आणि नाल्यांतून उलटं चढत रस्त्यावर येतं.

झडप बंद असताना पडलेला पाऊस तलावाने सांभाळायचा. म्हणून खरी किंमत त्याच्या रिकाम्या जागेला. एक हेक्टर तलावात एक मीटर गाळ साठला, तर १ कोटी लिटरची जागा गेली. दहा हेक्टर वस्तीवर पडणारा १०० मिलिमीटर पाऊस साधारण तेवढाच भरतो.

गाळ काढायचा, तर त्यात आता खारफुटी उगवलेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार, सार्वजनिक हिताचं काम असल्याशिवाय तिला हात लावता येत नाही, आणि तेव्हाही न्यायालयाची परवानगी लागते. बांधाबाहेरची खारफुटी तर हवीच. उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची माती खरवडते; खारफुटीच्या मुळांत तिचा जोर मोडतो.

किनाऱ्याच्या सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक, दिवे आणि सेल्फी पॉइंट पहिले येतात. उद्घाटनाला तेच दिसतात. फार तर भिंत उंच होते. ती खाडीला थोपवेल, पण आत कोसळणाऱ्या पावसाला तिचा उपयोग शून्य. शिवाय समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे ओहोटीतही खाडी आधीइतकी खाली जाणार नाही. प्रत्येक ओहोटीत झडप उघडी राहण्याची वेळ आधीपेक्षा थोडी कमी होईल आणि उरलेलं पाणी पंपांनीच उपसावं लागेल. भरवशाच्या विजेसकट त्या पंपांची तरतूद पेव्हर ब्लॉकच्या आधी व्हायला हवी.