पार्श्वभूमी : ब्रॉडवेची गाणी, पॉप्स वाद्यवृंद आणि श्रेयाचा जुना प्रश्न

ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतल्या संगीत नाटकांच्या (म्युझिकलच्या), रचनाकारांना वाहिलेल्या पॉप्स मैफलीची, म्हणजे सिम्फनी वाद्यवृंदाच्या हलक्याफुलक्या मैफलीची, कार्यक्रमपत्रिका बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. आधी गाण्याचे नाव, मग चाल देणाऱ्याचे आणि शब्द लिहिणाऱ्याचे, आणि शेवटी गायकाचे. गर्श्विन बंधू, कोल पोर्टर, रॉजर्स आणि हॅमरस्टाइन, साँडहाइम ही नावे वाचकांना नवी नाहीत. पण सत्तर-ऐंशी वादक समोर बसलेले असताना जे प्रत्यक्ष कानावर पडते, त्यातला बराच भाग या मंडळींनी लिहिलेला नसतो. गायक श्वास घेतो तेवढ्यात क्लॅरिनेटने काय म्हणायचे, शेवटच्या कडव्याखाली ब्रास (पितळी फुंकवाद्ये) कुठून चढवायचे, हे ठरवणारा वाद्यसंयोजक वेगळा असतो. त्याचे नाव छापलेच तर मागच्या पानावर, बारीक टाइपात. या मैफलींचा इतिहास पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून या टिपणात तिला जागाही जास्त दिली आहे.

पॉप्सचा आरंभ थोडक्यात सांगता येतो. बॉस्टनचा सिम्फनी वाद्यवृंद 1881 मध्ये उभा राहिला. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात वादकांना काम हवे होते आणि शहराला हलकेफुलके संगीत. जुलै 1885 मध्ये अशा मैफली सुरू झाल्या. खुर्च्यांऐवजी टेबले, समोर खाणेपिणे, आणि कार्यक्रमात वॉल्ट्झ, मार्च, ऑपेरातले सुटे तुकडे. 1900 पासून 'पॉप्स' हे नाव रूढ झाले. पुढे आर्थर फीडलर यांनी 1930 ते 1979 अशी जवळजवळ पन्नास वर्षे हा पॉप्स वाद्यवृंद सांभाळला आणि मैफलीचा तीन भागांचा घाट पक्का केला : आधी हलके अभिजात, मधे एकलवादकाची रचना, शेवटी लोकप्रिय गाणी. ब्रॉडवेला जागा मिळाली ती या तिसऱ्या भागात. अमेरिकेतल्या इतर शहरांनी हाच घाट उचलला.

संपूर्ण संध्याकाळ एकाच रचनाकाराला देण्याची पद्धत मात्र न्यूयॉर्कची म्हणावी लागेल. 16 ऑगस्ट 1932 रोजी लुइसोन स्टेडियमच्या खुल्या मैदानात केवळ जॉर्ज गर्श्विन यांच्या संगीताची मैफल झाली. सतरा-अठरा हजार श्रोते आत होते आणि हजारो लोकांना जागेअभावी परत जावे लागले. पाच वर्षांनी गर्श्विन गेले, आणि त्याच मैदानात त्यांची स्मृतिमैफल झाली. रंगभूमीसाठी गाणी लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर एवढी गर्दी जमते, हे 1932 च्या त्या रात्री सिद्ध झाले होते.

श्रेयाचा वादही त्याच वर्षी पेटला. गर्श्विन यांची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' 1924 मध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा तिचे वाद्यसंयोजन फर्डे ग्रोफे यांनी केले होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यावरून संशय वाढत गेला. 1932 मध्ये एका वादकाने मासिकात लेख लिहून सुचवले की गर्श्विन यांच्या नंतरच्या सिम्फनिक रचनांमागेही दुसऱ्याच कोणाचा हात आहे. रोख होता विल्यम डेली या त्यांच्या मित्रावर. डेली यांनी वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले : त्या रचनांमधला एकही स्वर माझा नाही आणि सबंध एक बारसुद्धा (तालाचे एक आवर्तन) मी वाद्यांत बसवलेला नाही. डेली यांचे म्हणणे खरे मानायला भरपूर आधार आहे. 1925 चा पियानो कॉन्चेर्टो आणि 1935 चा 'पोर्गी अँड बेस' गर्श्विन यांनी स्वतः वाद्यांत बांधले. या वादातून, माझ्या मते, एक उफराटी गोष्ट मात्र घडली. दुसऱ्याने वाद्यसंयोजन करणे म्हणजे रचनाकाराची लबाडी, असा समज पसरला, आणि संयोजकाचे नाव झाकून ठेवण्याकडेच कल वाढला.

वास्तविक ब्रॉडवेवर हे काम दुसऱ्याने करणे हीच रीत होती. व्हिक्टर हर्बर्ट आणि नंतर कुर्ट वाइल आपले वाद्यसंयोजन स्वतः करत, पण ते अपवाद. नवे म्युझिकल न्यूयॉर्कला येण्याआधी न्यू हेवन, बॉस्टन अशा शहरांत चाचणीचे प्रयोग करी. तिथे रोज गाणी बदलत, नायिकेच्या गळ्यासाठी पट्टी खाली येई, नृत्य वाढे. रचनाकार पियानोवर नवे गाणे वाजवून दाखवी आणि संयोजक रात्री बसून ते वीस-पंचवीस वाद्यांत लिहून काढी. शाई वाळते न वाळते तोच नकलनवीस प्रत्येक वादकाची प्रत उतरवत. मोबदला पानामागे मिळे, आणि चार बारचे एक पान धरले जाई. 1943 च्या 'ओक्लाहोमा!'चे शीर्षकगीत अशाच चाचणीच्या धावपळीत समूहगान झाले, आणि ती समूहरचना रॉबर्ट रसेल बेनेट या संयोजकाची. नाटकाला उभे करणारा तो क्षण आज आपण रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या खात्यावर जमा करतो.

बेनेट यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. 'शो बोट', 'साउथ पॅसिफिक', 'द किंग अँड आय', 'द साउंड ऑफ म्युझिक' यांचा जो नाद आपल्या कानात आहे, तो त्यांचा आहे. 1952 च्या 'व्हिक्टरी अॅट सी' या 26 भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेचे उदाहरण सर्वांत बोलके. रिचर्ड रॉजर्स यांनी तिच्यासाठी डझनभर सुरावटी दिल्या. त्यांतून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भागांचे तासन्‌तास चालणारे संगीत उभे केले बेनेट यांनी. ध्वनिमुद्रिकेवर मोठे नाव रॉजर्स यांचे. स्वतः रॉजर्स यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे की आपले संगीत होते त्याहून सरस वाटले, याचे श्रेय बेनेट यांना. पॉप्स मैफलीत या मालिकेतला तुकडा आजही वाजतो, आणि निवेदक बहुधा एकाच माणसाचे नाव घेतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीताची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी असंख्य गाण्यांची वाद्ये लिहिली, आणि तबकडीवर त्यांचे नाव क्वचितच आले.

ब्रॉडवेच्या सर्वांत मानाच्या वार्षिक पुरस्कारांत वाद्यसंयोजनाचा विभाग कधी आला, हे पाहिले की दुर्लक्षाचे माप कळते. पुरस्कार सुरू झाले 1947 मध्ये. वाद्यसंयोजनाला स्वतंत्र विभाग मिळाला 1997 मध्ये, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी. पहिला मान 'टायटॅनिक'साठी जोनाथन ट्यूनिक यांना. विलंबाच्या बाजूने एक खरी अडचण सांगता येते. घाईत एकाच नाटकावर तीन-चार हात फिरत, आणि पत्रिकेवर नाव मात्र एकाचे. अमुक बार कोणाचा, हे ठरवायचे कसे? ते ठरवता येते, हे अलीकडे एका अभ्यासकाने दाखवून दिले. मूळ हस्तलिखिते काढून त्याने अक्षराच्या वळणावरून पानोपानीचे संयोजक ओळखले. इच्छा असती तर हे काम संयोजक हयात असतानाच त्यांना विचारून झाले असते. बेनेट 1981 मध्ये गेले. त्यांच्या एकूण कार्याचा खास सन्मान त्याच पुरस्कार सोहळ्यात झाला, तो 2008 मध्ये.

वाद्ये मुळात कशी लिहिली होती, याकडे लक्ष वळले ते एका योगायोगामुळे. 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या सीकॉकस इथे एका चित्रपट कंपनीच्या गोदामात जुन्या पेट्या सापडल्या. गर्श्विन, केर्न, पोर्टर, रॉजर्स यांची हरवलेली समजली जाणारी हस्तलिखिते आणि वादकांच्या प्रती त्यांत होत्या. 1988 मध्ये 'शो बोट'चे मूळ वाद्यसंयोजनासह संपूर्ण ध्वनिमुद्रण बाजारात आले. पॉप्सच्या जाड, मखमली तंतुवाद्यांची सवय झालेल्या कानांना 1927 चा हलका, चपळ नाद वेगळाच लागला.

तेव्हापासून पॉप्सच्या संचालकापुढे एक खरा पेच आहे. मूळ संयोजन घ्यावे तर अर्धा वाद्यवृंद रिकामा बसतो. पिटमधला, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खोलगट जागेतला, फुंकवाद्यांचा वादक एकाच गाण्यात बासरी ठेवून क्लॅरिनेट उचलतो आणि मग सॅक्सोफोन. सिम्फनीतला ओबोवादक हे करत नाही. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या 1957 च्या पिटमध्ये व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे तंतुवाद्य) नव्हतेच. थिएटरने माथी मारलेले व्हायोलावादक नाटकाचे रचनाकार बर्नस्टाइन यांना नको होते, असे त्यांच्याच सहकाऱ्याने सांगून ठेवले आहे. मग मैफलीत दहा-बारा व्हायोलावादकांनी काय वाजवायचे? बर्नस्टाइन यांनी 1961 मध्ये यातून वाट काढली. 'सिम्फनिक डान्सेस' ही मैफलीसाठीची नवी बांधणी सिड रॅमिन आणि अर्विन कॉस्टल या नाटकाच्याच संयोजकांच्या मदतीने झाली, आणि म्हणून ती आजही टवटवीत आहे. बहुतेक गाण्यांच्या नशिबी हे आले नाही. त्यांच्यासाठी भाड्याने मिळणारी तयार संयोजने वापरली जातात. त्यांतली काही उत्तम, काही निव्वळ गोड.

दरम्यान खुद्द थिएटरात वादक कमी होत गेले. मार्च 2003 मध्ये वादकांच्या संघटनेने चार दिवसांचा संप केला. मोठ्या थिएटरांत किमान 24 ते 26 वादक बसवण्याचे बंधन होते आणि निर्मात्यांना ते काढून टाकायचे होते. वादक नसतील तर संगणकावर चालणारा वाद्यवृंद लावू, अशी तयारीही त्यांनी ठेवली होती. अठरा म्युझिकल बंद पडली, महापौरांना मधे पडावे लागले, आणि आकडा 18-19 वर आला. त्या तडजोडीला विजय म्हटले गेले, पण कानाने ऐकणाऱ्यासाठी तो तोटाच होता. 2008 मध्ये 'साउथ पॅसिफिक' पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा तीस वादक घेतले होते. सुरुवातीच्या वादनात रंगमंचाचा पुढचा भाग मागे सरके आणि वादक दिसू लागत. प्रेक्षक तिथेच टाळ्या वाजवत. एके काळी जी रोजची गोष्ट होती, तिचे आता अप्रूप झाले होते.

मोठ्या वाद्यवृंदासह म्युझिकल ऐकण्याची जागा म्हणून मैफलीचे महत्त्व वाढले ते असे. त्याची चाहूल 1985 मध्येच लागली होती. साँडहाइम यांच्या 'फॉलीज'ची पहिली ध्वनिमुद्रिका काटछाट केलेली होती. ती चूक सुधारावी म्हणून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासह मैफल झाली आणि तिचे ध्वनिमुद्रण निघाले. साँडहाइम यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची 2010 मधली मैफलही त्याच वाद्यवृंदाने केली. साँडहाइम यांची संध्याकाळ इतरांपेक्षा सरस का ठरते, याचे कारण माझ्या मते स्पष्ट आहे. 'कंपनी', 'फॉलीज', 'स्वीनी टॉड' यांचे वाद्यसंयोजन ट्यूनिक यांचे, ते जपलेले आहे, आणि साँडहाइम यांनी त्यांचे ऋण उघडपणे मानले.

एक गोष्ट कायद्याची. अशा मैफलीत गायक पोशाख-मेकअपविना, नेहमीच्या काळ्या कपड्यांत उभे राहतात आणि संवाद जवळजवळ नसतात. यामागे हक्कांची विभागणी आहे. सुटी गाणी मैफलीत गायची तर रचनाकारांच्या संस्थेकडून मिळणारा सरसकट परवाना पुरतो. अमेरिकेत 1914 मध्ये अशी पहिली संस्था निघाली. जेवणघरात वाजणाऱ्या संगीताचेही पैसे द्यावे लागतील, असा निकाल 1917 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि तिला बळ मिळाले. तो दावा लावणारे होते आपले वाद्यसंयोजन स्वतः करणारे व्हिक्टर हर्बर्ट. गाण्याला पोशाख, नेपथ्य, संवाद किंवा कथानक जोडले की मात्र नाट्यप्रयोगाचा हक्क लागू होतो आणि मालकाशी थेट बोलणी करावी लागतात. सीमारेषा धूसर असल्याने आयोजक सावध राहतात, एका नाटकातली गाणी सलग घेत नाहीत आणि निवेदक गोष्ट सांगता सांगता थांबतो. या परवान्याचे पैसे चाल आणि शब्द देणाऱ्यांना, त्यांच्या वारसांना, प्रकाशकांना जातात. ज्याने ती चाल ऐंशी वादकांच्या हातांत दिली, त्याला पानामागे एकदा मिळालेले पैसे सोडले तर त्यातून सहसा काही मिळत नाही.