अठरा रिळांचा पुढचा भाग

आमच्या गल्लीतले अण्णा कोल्हापुरातल्या एका जुन्या थिएटरात मशीनवर होते. मशीनवर म्हणजे प्रोजेक्टरवर, पण तो शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. २०२५च्या डिसेंबरात नातवानं त्यांना 'अवतार'चा तिसरा भाग दाखवायला नेलं. तीन तास सतरा मिनिटं. बाहेर पडताना थ्रीडी चष्मा डब्यात टाकता टाकता अण्णांनी पहिला हिशेब केला तो रिळांचा. "अठरा रिळं भरतील. त्यातली सहा मी बसल्या जागी कापली असती, कुणाला पत्ता लागला नसता." चित्र कसं होतं असं नातवानं विचारलं, तर म्हणाले, "चित्राला नाव ठेवायला जागा न्हाई. लई दाखवलं. सांगितलं काय, तेवढं सांग."

नातू म्हणाला, म्हातारी माणसं असंच बोलतात. ते अर्धंच खरं आहे. अशा सिनेमाकडे संशयानं बघायची सवय सिनेमाइतकीच जुनी आहे, आणि कोल्हापुरात तर ती धंद्यातच मुरलेली आहे.

आधी रिळांचा हिशेब. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. म्हणजे अण्णांनी बघितलेला सिनेमा फिल्मवर असता तर साधारण १७,७०० फूट, साडेपाच किलोमीटरच्या आत-बाहेर. यातला प्रत्येक फूट एकेकाळी पैशाला भारी पडायचा. कच्ची फिल्म परदेशातून यायची, आणि सिनेमा जितका लांब तितकी प्रत्येक प्रिंट महाग. दुसऱ्या महायुद्धात फिल्मचा तुटवडा पडला तेव्हा तर सरकारनंच कथापटांना ११,००० फुटांची मर्यादा घातली. जेमतेम दोन तास. दिग्दर्शकाच्या मनात काय आहे हे विचारायला कुणी आलं नाही.

दुसरी कात्री थिएटरच्या वेळापत्रकाची. बारा, तीन, सहा, नऊ. या चार खेळांवर एकपडदा थिएटरचं सगळं गणित उभं असायचं: पार्किंग, कँटीन, ब्लॅकवाले, शेवटची एसटी. सव्वातीन तासांचा सिनेमा आला की तीनचा खेळ सहाच्या खेळाच्या अंगावर जायचा. मग मालक वर केबिनमध्ये निरोप धाडायचा आणि ऑपरेटर एखादं गाणं गाळायचा. अण्णा हे कबूल करतात, आणि वर म्हणतात की त्या गाण्यांपैकी एकही परत मागायला कुणी आलं नाही.

डिजिटल प्रोजेक्शन आल्यावर प्रिंट गेली, पेट्या गेल्या, फुटाचा खर्च गेला. दोन तासांची फाइल आणि सव्वातीन तासांची फाइल, थिएटरात पोचवायला खर्च जवळपास सारखाच. मल्टिप्लेक्सनं वेळापत्रकही मोडलं. चार-पाच पडदे असले की एकाच सिनेमाचे खेळ दर तासाला लावता येतात. लांबीला आवर घालणाऱ्या दोन्ही गोष्टी अशा गेल्या. 'अवतार'चा पहिला भाग २००९ साली १६२ मिनिटांचा होता, २०२२चा दुसरा १९२चा, आणि तिसरा १९७चा. मार्व्हलच्या सुपरहिरोंचा 'एंडगेम' १८१ मिनिटं. आपल्याकडचा 'पुष्पा २' तर तीन तास वीस मिनिटं.

पण नुसत्या लांबीबद्दल कोल्हापूरकरानं तक्रार करावी, हे जरा हास्यास्पदच आहे. संगीत नाटकं इथं रात्र-रात्र चालायची. वन्स मोअरवर वन्स मोअर घेत पहाट व्हायची. 'संगम' आणि 'मेरा नाम जोकर' या सिनेमांना दोन-दोन मध्यंतरं होती, आणि लोकांनी दोन्ही मध्यंतरांत चहा पिऊन ते बघितले. अडचण वेगळी आहे, आणि ती सांगायला खासबागेत जावं लागेल. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात तास-तासभर चाललेली कुस्ती लोक श्वास रोखून बघतात. पण दोन मल्ल नुसती खडाखडी करत राहिले, डाव पडेना, की गर्दीतून शिट्ट्या सुरू होतात. आणि एवढं करून कुस्ती बरोबरीत सोडवली तर विचारायलाच नको. अनेक भागांच्या मोठ्या सिनेमातला मधला भाग ही बहुतेक वेळा बरोबरीत सोडवायची आधीच ठरवलेली कुस्ती असते. चितपट केलं तर पुढच्या वर्षी मैदान कसं भरवायचं?

आता करामतींकडे येऊ. पडद्यावरची करामत पहिल्यांदा आणली ती जादूगारांनी. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस मुळात रंगमंचावर जादूचे प्रयोग करायचे, आणि १९०२ साली त्यांनी माणसं चंद्रावर धाडली. आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करत. आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतलं होतं. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी मारुती उडवला, लंका जाळली.

कोल्हापूरच्या सिनेमाचं मूळ मात्र जादूत नाही, नाटकाच्या पडद्यात आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. १९१६ साली आनंदराव वारले, आणि बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' आला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. जादूगाराला त्याची करामत दिसायला हवी असते, टाळी तिच्यावरच मिळते. पडदा रंगवणाऱ्याचं उलट आहे. मागचा राजवाडा इतका चोख वठला पाहिजे की प्रेक्षक त्याला विसरून पुढच्या नटाकडे बघेल. पडद्यालाच टाळ्या पडायला लागल्या, तर नटानं काळजी करावी.

'सैरंध्री'तला कीचकवध बाबूरावांनी इतका खरा वठवला की त्याला सरकारी कात्री लागली. म्हणजे कोल्हापूरच्या करामतीविरुद्धची पहिली मोठी तक्रार 'खोटं वाटतं' ही नव्हती, 'फार खरं वाटतं' ही होती. याच सिनेमावर खूश होऊन लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्याआधी आपल्याकडे सगळा कारभार उन्हावर चालायचा.

इथं अण्णांच्या बाजूनं बोलताना मला थोडं अडखळायला होतं. कारण १९२५ साली याच बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. देव नाही, लढाई नाही, करामत नाही. कर्जात बुडालेला शेतकरी आणि सावकार, एवढंच. शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं होतं. आज त्या सिनेमाचं नाव आदरानं घेतात, पण तेव्हा लोकांनी पाठ फिरवली. पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया बघायला सरावलेल्या प्रेक्षकाला तो झेपला नाही. तेव्हा 'आम्हाला फक्त गोष्ट हवी' असं म्हणताना जरा जपून. तिकीट आपण तेव्हाही देखाव्याचंच काढलं होतं.

दोन्हींचा मेळ कसा बसतो, ते बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी दाखवलं. १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली, आणि तिथं १९३६मध्ये 'संत तुकाराम' झाला. शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात. आजच्या पोराला तो गरुड दाखवलात तर तो हसेल, आणि हसण्यासारखा तो आहेच. तरीही डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याचं श्रेय गरुडाला नाही, जिजाईला आहे. तिचा या सगळ्यावर विश्वासच नाही. वैकुंठाला चल म्हटलं तर ती नवऱ्याचं बोलणं मनावर घेत नाही, घरातलं काम टाकून कुठं निघणार? पोर आजारी पडलं तेव्हा पायताण घेऊन देवळात शिरलेली बाई ती. मला तर वाटतं, आपल्या सिनेमातली पहिली संशयखोर प्रेक्षक जिजाईच. तिनं वर बघितलं, म्हणून आपणही वर बघतो. 'अवतार'च्या जंगलात सगळेच पहिल्यापासून भारावलेले असतात. संशय घ्यायचं काम तेवढं आपल्याकडे उरतं.

पुढच्या भागाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, त्यातली खोच मात्र पैशात आहे. 'किंग काँग' १९३३च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या पोराचा सिनेमा हजर: घाईत उरकलेला, लांबीला कमी, खर्चालाही कमी. आपल्याकडे १९३५च्या 'हंटरवाली'ची 'बेटी' १९४३ला आली. पुढची बरीच वर्षं हाच रिवाज होता. पहिला चालला की दुसरा स्वस्तात काढायचा, जेवढे येतील तेवढे पैसे घ्यायचे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे १९६८ ते १९७३ या काळात पाच भाग निघाले आणि खर्च घटत गेला. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाचा संशय सरळ होता: दुसऱ्या भागात माल पातळ असणार. १९७४चा 'गॉडफादर'चा दुसरा भाग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला, तो अपवाद.

हे गणित उलटं फिरवणाऱ्यांत जेम्स कॅमेरॉन पुढे होते, ज्यांच्या सिनेमावर अण्णा परवा वैतागले. १९८४चा त्यांचा 'टर्मिनेटर' साठ-पासष्ट लाख डॉलरांत झाला होता. १९९१चा दुसरा भाग दहा कोटींच्या आसपास गेला. त्यात पाऱ्यासारखा वितळणारा माणूस होता आणि सगळे त्यालाच बघायला गेले. पण कॉम्प्युटरनं बनवलेलं चित्र सबंध सिनेमात साधारण पाचच मिनिटं होतं. 'जुरासिक पार्क'चंही तसंच. दोन तास सात मिनिटांच्या सिनेमात डायनासोर दिसतात पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि त्यातही कॉम्प्युटरचे सहा-एक मिनिटं. बाकी सगळी वाट बघणं: पेल्यातलं हलणारं पाणी, मोडलेलं कुंपण. १९९४मध्ये तो हिंदीत आला तेव्हा अण्णांच्या थिएटरातही लागला होता. माणसं हिंदी बोलत होती, डायनासोर मूळ भाषेतच. पेल्यातलं पाणी हललं की खालून एकदम आवाज बंद व्हायचा, असं ते सांगतात. केबिनमध्ये फक्त मशीनची घरघर.

करामत महाग होती तोवर ती जपून वापरावी लागायची. ती सोपी झाली आणि वाट बघणं संपलं. (स्वस्त झाली असं म्हणत नाही. एकेका भागाचा खर्च आता वीस-तीस कोटी डॉलरांच्या घरात जातो.) भरीला प्रदर्शनाची तारीख आधी ठरते, गोष्ट मागून धावते. 'ट्रान्सफॉर्मर्स'चा २००९चा दुसरा भाग हॉलिवूडच्या लेखकांच्या संपात अडकला. संपाआधी दोन आठवड्यांत आराखडा उरकलेला, आणि सिनेमा मात्र अडीच तासांचा.

या चित्रांमागे राबणाऱ्या हातांचं कुणी फारसं बोलत नाही. इफेक्ट्सचं काम स्टुडिओंना ठरीव रकमेवर मिळतं. दिग्दर्शकानं दहादा बदल मागितले तरी रक्कम तीच. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' कंपनीनं २०१३च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. आभाराचं भाषण कंपनीच्या अडचणीकडे वळत होतं, तेवढ्यात संगीत वाजवून ते थांबवलं गेलं. या कंपनीचं काम मुंबईतही चालायचं. आजही चित्रातल्या आकृत्यांच्या कडा कापणं, नटांना टांगलेल्या दोऱ्या पुसणं असली चिवट कामं मोठ्या प्रमाणावर भारतात होतात. त्यातल्या पुसायच्या कामाला त्यांच्या भाषेत 'पेंट' म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला या शब्दावर थबकायला होतं.

मराठीतही हा प्रयोग झालेला आहे. १९९३च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा रामदास पाध्यांच्या हातातला बाहुला होता. २०१३ला दुसरा भाग थ्रीडीत आला, मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा. मला विचाराल तर पहिल्यातला बाहुला जास्त भीतीदायक होता, कारण तो खरोखर त्या खोलीत होता. नटाची नजर त्याच्यावर पडायची तेव्हा ती कशावर तरी पडायची.

हे अण्णांना सांगितलं, तर त्यांनी बाहुल्याचा विषय सोडून दिला आणि 'बाहुबली' काढला. "त्याला का मारलं ते कळायला दोन वर्षं थांबलो. लांब होता, खोटा होता, सगळं होतं. पण थांबलो." नातवानं लगेच मोबाईल काढला. 'अवतार'च्या चौथ्या भागासाठी २०२९च्या डिसेंबरची तारीख जाहीर झालेली आहे आणि पाचव्यासाठी २०३१ची, असं त्यानं वाचून दाखवलं. अण्णांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं.

"किती रिळांचा हाय, ते कळलं की सांग," म्हणाले.