एनआरई आणि एनआरओ: पगाराचं खातं वेगळं, बागेचं वेगळं

दुबई, दोहा किंवा मस्कतच्या नोकरीचं पत्र हाती पडलं की मेडिकल, व्हिसा आणि तिकिटाच्या धावपळीत बँकेचं काम राहूनच जातं. मग पहिला पगार गावच्या जुन्या बचत खात्यावर येतो आणि पुढे तसाच येत राहतो. कायद्याला हे चालत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, असं सांगतो की नोकरीसाठी देश सोडला की त्या दिवसापासून माणूस अनिवासी. त्यानंतर साधं बचत खातं ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यायचं आणि पगारासाठी वेगळं एनआरई उघडायचं.

ही दोन खाती वरून जुळी दिसतात. दोन्ही रुपयांतच असतात, दोन्हींना चेकबुक आणि कार्ड मिळतं, बँकेच्या ॲपमध्ये ती एकाखाली एक येतात. नावातलं ‘एनआर’ म्हणजे नॉन-रेसिडेंट, अनिवासी; फरक शेवटच्या एका अक्षराचा. एनआरईमधला ‘ई’ एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून आलेल्या पैशांचा. एनआरओमधला ‘ओ’ ऑर्डिनरीचा, म्हणजे इथल्या नेहमीच्या जमाखर्चाचा. बँकेला तुम्ही कुठे राहता हे कळलेलंच असतं. खातं ठरतं ते पैसा कुठे कमावला यावरून.

एनआरईमध्ये परदेशातून पाठवलेली रक्कम येते, दुसऱ्या एनआरई खात्यातली येते, आणि एनआरईच्या पैशांतून केलेल्या गुंतवणुकीची परतफेड येते. सुट्टीवर आल्यावर सोबत आणलेल्या परकीय नोटाही खातेदाराला त्यात भरता येतात. मात्र नोटा ५,००० डॉलरच्या किमतीहून जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर जात असतील, तर विमानतळावर कस्टम्सकडे चलन घोषणापत्र भरायचं आणि त्याची प्रत जपून ठेवायची. बँक ती मागते. भारतीय नोटा एनआरईत भरता येत नाहीत.

एनआरओमध्ये इथलं सगळं येतं: चिपळूणच्या फ्लॅटचं भाडं, शेअरचा लाभांश, जुन्या नोकरीची पेन्शन, कंत्राटाने दिलेल्या हापूसच्या बागेचे पैसे, भावाने परत केलेली हातउसनी रक्कम. भाडेकरूला चुकून एनआरईचा नंबर दिला, तर बँक रक्कम परत पाठवते किंवा खुलासा मागते. भाडं, लाभांश, पेन्शन अशी चालू मिळकत कर भरल्याची बँकेची खात्री झाल्यावर एनआरईत घेता येते, पण दर वेळी कागद दाखवावे लागतात. रोजच्या व्यवहाराला एनआरओच सोयीचं.

उलट चूक जास्त महाग पडते, कारण तिला कोणी अडवत नाही. परदेशातला पगार एनआरओत पाठवला तर बँक तो मुकाट्याने जमा करून घेते. फटका व्याजावर बसतो. एनआरई खात्याचं आणि त्यातल्या मुदत ठेवीचं व्याज तुम्ही फेमाप्रमाणे अनिवासी आहात तोवर भारतात करमुक्त असतं. एनआरओच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के टीडीएस आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापले जातात. निवासी ठेवीदाराला मिळणारी किमान रकमेची सूट इथे नाही. १० लाखांची ठेव आणि ७ टक्के व्याज धरा. वर्षाचे ७०,००० रुपये होतात. एनआरईत ते पूर्ण हातात येतात; एनआरओत २१,८४० रुपये कापून ४८,१६० उरतात.

कापलेला कर कायमचा गेला असं मात्र नाही. भारतातलं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. पुष्कळ जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि वर्षानुवर्षं ती रक्कम सोडून देतात, याचं वाईट वाटतं. दुसरा मार्ग दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा. अमिरातींशी असलेल्या करारात बँक ठेवीच्या व्याजावरचा दर १२.५ टक्के आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात २१,८४० ऐवजी ८,७५० रुपये. त्यासाठी तिथल्या सरकारचं कर-निवासी प्रमाणपत्र, पॅन आणि बँकेने सांगितलेला जाहीरनामा दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो. एकदा दिला की झालं, असं समजणाऱ्यांना पुढच्या एप्रिलपासून पुन्हा पूर्ण कपात दिसते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. अमेरिकेच्या विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं, आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा वेगळा अहवालही भरावा लागतो. आखातात पगारावर प्राप्तिकर नसल्याने तिकडे हा प्रश्न येत नाही.

एका बाजूने उघडणारं दार

एनआरईतला पैसा मुद्दल आणि व्याजासकट कधीही, कितीही, परत परदेशात नेता येतो. परवानगी लागत नाही. एनआरओतून बाहेर न्यायचा तर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि तीही कर भरून झाल्यावर. ही मर्यादा बहुतेकांना पुरून उरते. त्रास होतो तो कागदांचा. रक्कम कुठून आली याचा पुरावा, त्यावरचा कर भरल्याचं चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र, प्राप्तिकराच्या पोर्टलवरचा फॉर्म (१५सीए आणि १५सीबी या नावांनी लोकांना माहीत असलेली जोडी) आणि बँकेचा अर्ज.

एनआरईतून एनआरओत रक्कम ॲपवरून मिनिटभरात जाते. गेली की तिचं मुक्तपणे परत नेण्याचं स्वरूप संपतं. ती पुन्हा एनआरईत आणायची तर वरची सगळी कागदपत्रं लागतात आणि रक्कम त्याच १० लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. म्हणून घरखर्चासाठी एनआरओत पैसे टाकायचे असतील तर त्या महिन्यापुरतेच टाका. खरं तर तेही लागत नाही. एनआरईतून भारतात कोणालाही रुपयांत पैसे देता येतात, घरकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, मुलांची फी सगळं त्यातून भागतं. दोन्ही खाती परदेशी मोबाइल नंबरवर यूपीआयला जोडण्याची मुभा ते चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ मध्ये दिली. पहिल्या दहा देशांत अमिराती, सौदी, ओमान आणि कतार होते.

जमिनीच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते. कलमांची बाग सातबारावर शेतजमीनच असते. ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच, आणि पैसे एनआरओतच. राहत्या घराचं वेगळं आहे. एनआरईच्या पैशातून फ्लॅट घेतला असेल तर विकल्यावर घातलेलं मूळ भांडवल परत नेता येतं, पण फक्त दोन घरांपुरतं. त्यासाठी खरेदीच्या वेळी पैसे एनआरईतूनच गेले हे दाखवणारा खातेउतारा लागतो. वीस वर्षांनी तो शोधण्यापेक्षा खरेदीखताच्या फाइलमध्येच लावून ठेवावा.

पैसे एनआरईपर्यंत पोचतात कसे

एक मार्ग बँकेतून बँकेत, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने. यात डॉलर किंवा दिरहम इथे येतात आणि तुमची बँक त्यांचे रुपये करते. मधली बँक आपलं शुल्क कापते, आणि रुपयांतराच्या सेवेवर जीएसटी लागतो: १ लाख रुपयांपर्यंत साधारण ०.१८ टक्के, किमान ४५ रुपये. दुसरा मार्ग एक्स्चेंजचा, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या पेढीचा. आखातातली एक्स्चेंज रुपये तिकडेच ठरवून टाकते आणि भारतीय बँकेतल्या तिच्या खात्यातून ते तुमच्या खात्यात येतात, त्यामुळे इथे रुपयांतर होत नाही. फी कमी दिसते म्हणून भुलू नका, भाव बघा. ३,००० दिरहम पाठवताना भावात १० पैशांचा फरक म्हणजे ३०० रुपये. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे दिरहमचा भाव हलतो तो डॉलर-रुपयाबरोबरच, आणि त्यापलीकडचा फरक म्हणजे एक्स्चेंजची कमाई. तुलना एकच करायची: माझे इतके दिरहम गेले, खात्यात रुपये किती पडले.

फॉर्मवर लाभार्थीचं नाव खात्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि खात्यावर नाही, एवढ्यावरूनही रक्कम अडकते. खात्याचा प्रकार एनआरई असा स्पष्ट लिहा.

हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या दलालामार्फत, पाठवू नका. भाव चांगला मिळतो आणि पैसा संध्याकाळी घरी पोचतो, पण तो परदेशातून आला याचा एकही कागद उरत नाही. तो एनआरईत जाऊ शकत नाही, घरखरेदीत दाखवता येत नाही. फेमाखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, आणि घेणाराही त्यात येतो.

पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या खात्यावर थेट पाठवलेल्या रकमेवर कर नाही, कारण जवळच्या नातलगांची भेट करमुक्त आहे. घरखर्चाला हे बिनधास्त करा. पण साठवण्याचा पैसा पत्नीच्या नावावर ठेवून तिने एफडी केली, तर ते व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जे व्याज एनआरईत करमुक्त राहिलं असतं, ते असं स्वतःहून करात ओढलं जातं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या हजारो घरांसाठी, एनआरईचं महत्त्व आणखी आहे. पगार भारतातल्या खात्यात पडतो म्हणून तो इथलं उत्पन्न ठरतो का, हा वाद बराच चालला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की अनिवासी खलाशाचा परदेशात जाणाऱ्या जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरईत जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. परिपत्रकातला शब्द एनआरई आहे. कंपनीला खाते नंबर देताना तो दोनदा तपासा.

दोन ‘अनिवासी’

फेमाचा अनिवासी आणि प्राप्तिकराचा अनिवासी एक नाहीत. १० नोव्हेंबरला निघालेला माणूस फेमासाठी त्याच दिवशी अनिवासी झाला, एनआरई उघडू शकतो आणि त्याचं व्याजही करमुक्त. पण १ एप्रिलपासून तो २०० हून जास्त दिवस भारतात होता. नोकरीसाठी जाणाऱ्याला मर्यादा १८२ दिवसांची. त्यामुळे त्या वर्षी प्राप्तिकरासाठी तो निवासी, आणि नोव्हेंबर ते मार्चचा आखातातला पगार इथे दाखवावा लागतो. तारीख आपल्या हातात असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघणं बरं.

मुदतीतही फरक आहे. एनआरईची ठेव किमान एक वर्षाची; त्याआधी मोडली तर व्याज शून्य. एनआरओची सात दिवसांपासून. सहा महिन्यांनी बहिणीचं लग्न असेल तर तो पैसा एनआरईच्या एफडीत अडकवू नका, बचत खात्यातच असू द्या. पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण एका बँकेतल्या दोन्ही खात्यांचं मिळून असतं.

गावातल्या नातलगाला दोन्ही खात्यांत संयुक्त नाव देता येतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने: पहिला खातेदार हयात असेपर्यंत हक्क त्याचाच. एनआरईतून आईने खर्च काढायचा असेल तर तिला मुखत्यारपत्र द्या. त्यावर ती इथली देणी भागवू शकते आणि पैसे तुम्हाला परत पाठवू शकते; तुमच्या वतीने कोणाला भेट देऊ शकत नाही.

कायमचे परतलात की बँकेला लगेच कळवा. एनआरई खातं निवासी होतं किंवा पैसे परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात ठेवता येतात. चालू असलेली एनआरई एफडी ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत राहते, मात्र परतल्या दिवसापासूनचं व्याज करपात्र होतं. एफडीच्या पावतीवर नाव एनआरईच राहिलं तरी करमाफी संपलेली असते, म्हणून परतल्याच्या तारखेचा पासपोर्टवरचा शिक्का आणि त्या दिवसापर्यंतच्या व्याजाचं प्रमाणपत्र बँकेकडून तेव्हाच घेऊन ठेवा.